हंगाम, छप्पर आणि संहिता : तमाशा, जात्रा व यक्षगान यांच्या फिरत्या हंगामांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

करमणुकीचा कोणताही सार्वजनिक व्यवसाय दोन गोष्टींच्या मेळावर उभा असतो. प्रेक्षकाला बाहेर पडता येईल असे हवामान हवे, आणि त्याच काळात काम करू शकतील अशी माणसे हवीत. हे दोन्ही जुळून येतात त्या कालखंडाला हंगाम म्हणतात. प्रयोगरूप वाङ्मयाच्या अभ्यासात संहिता, सादरीकरण, प्रेक्षक यांची चर्चा विपुल झाली आहे. हंगाम मात्र व्यवस्थापनाची बाब म्हणून बाजूला राहिला. हंगामाची लांबी, त्याचे टप्पे आणि त्यासाठी केलेले माणसांचे करार यांचा ठसा खुद्द वाङ्मयप्रकाराच्या घडणीवर उमटतो, हे महाराष्ट्राचा ढोलकी फडाचा तमाशा, बंगालची जात्रा आणि किनारी कर्नाटकाचे यक्षगान या तीन परंपरांच्या आधारे दाखवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेसाठी आरंभी एक वेगळी व्यवस्था नजरेसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. युरोप-अमेरिकेतील मनोरंजन-उद्यानांचा हंगाम थंडीने आखून दिला. कोपनहेगनचे टिव्होली उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी उघडले. त्याच्या पहिल्याच हंगामाच्या ऑक्टोबरात हान्स ख्रिश्चन अँडरसन तेथे गेले आणि चिनी पार्श्वभूमीवरील 'नाइटिंगेल' ही कथा त्यांनी लिहावयास घेतली. हे उद्यान प्राधान्याने उन्हाळी राहिले; नाताळचा स्वतंत्र हंगाम तेथे १९९४ पासून सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लूना पार्क १९०३ मध्ये आणि ड्रीमलँड १९०४ मध्ये उभे राहिले. मॅक्झिम गॉर्की यांनी तेथील झगमगाटामागचा कंटाळा आपल्या निबंधात टिपला. २७ मे १९११ रोजी, ऐन उन्हाळी हंगामाच्या उंबरठ्यावर, ड्रीमलँड आगीत भस्मसात झाले आणि पुन्हा उभे राहिले नाही. अशा उद्यानाची मिळकत तीन-चार महिन्यांत गोळा होते. एखादा पावसाळी रविवारसुद्धा तेथे वर्षाच्या हिशेबात दिसतो. या उद्यानांनी मनुष्यबळाचा प्रश्न एका सोयीच्या योगायोगाने सोडवला. प्रेक्षकांना जी सुट्टी असते तीच विद्यार्थ्यांनाही असते; म्हणून हंगामी नोकर म्हणून विद्यार्थी मिळतात आणि हंगाम संपला की शाळा-महाविद्यालयांत परततात. बंद काळात पाळणे आणि घसरगुंड्या गंजू नयेत एवढी काळजी घेतली की पुरते. यंत्राला हिवाळ्यात जेवण लागत नाही.

भारतीय फिरत्या रंगपरंपरांत हंगाम थंडीने तुटत नाही, पावसाने तुटतो. आणि येथे भांडवल यंत्रात गुंतलेले नसते, माणसांत गुंतलेले असते. तेव्हा पावसाच्या चार-पाच महिन्यांत ही माणसे कोठे असतात, कोणाच्या अन्नावर जगतात आणि पुढच्या वर्षी परत येतील याची हमी कशी मिळवली जाते, हे प्रश्न केवळ अर्थशास्त्राचे उरत नाहीत. प्रयोगाचे रूप या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

२. शब्द एक, संकेत तीन

'यात्रा' या एका संस्कृत शब्दाचा प्रवास येथे उद्बोधक आहे. मराठीत त्याचा अर्थ तीर्थाटन व देवस्थानचा मेळा असा झाला आणि त्याचेच तद्भव रूप 'जत्रा' कोकण-गोव्यात ग्रामदेवतेच्या वार्षिक उत्सवाला लागले. कन्नडमध्ये 'जात्रे' म्हणजे देवळाचा उत्सवच. बंगालीत मात्र उत्सवाच्या निमित्ताने होणाऱ्या नाट्यप्रयोगालाच 'जात्रा' म्हणू लागले. एका प्रांतात जो शब्द मांडवाला लागला तो दुसऱ्या प्रांतात मांडवाखालच्या खेळाला लागला. प्रयोग आणि पंचांग यांचे नाते किती जुने आहे याची साक्ष भाषेनेच जपून ठेवली आहे.

३. तीन दिनदर्शिका

ढोलकी फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. या हंगामाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात फड आपला तंबू घेऊन मोठ्या यात्रांना जातात आणि तिकीट लावून खेळ करतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची मार्गशीर्षातील खंडोबाची यात्रा, सातारा जिल्ह्यातील पालीची पौषातील खंडोबाची यात्रा ही त्यांतील ठळक ठिकाणे. दुसरा भाग गुढीपाडव्यापासूनचा. रब्बीची पिके निघालेली असतात आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्र-वैशाखात एकामागून एक येतात. यात्रा कमिटी गावकीची वर्गणी जमवून फडाला 'सुपारी' देते. खेळ गावाला फुकट. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे केंद्र. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन तारीख व रक्कम ठरवतात. 'तमाशापंढरी' हे त्या गावाला मिळालेले नाव या वार्षिक वारीमुळेच सार्थ ठरते.

जात्रेच्या हंगामाला दोन आरंभ आहेत, एक व्यवहाराचा व एक प्रयोगाचा. आषाढातील रथयात्रेच्या दिवशी कोलकात्याच्या चितपूर रस्त्यावरील कंपन्यांच्या गद्यांवर नव्या वर्षाचे करार सुरू होतात आणि वर्तमानपत्रांत नव्या 'पालां'च्या जाहिराती झळकतात. प्रयोगांची सुरुवात दुर्गापूजेला होते आणि पाऊस उतरेपर्यंत ते चालतात. अग्रहायण-पौषात अमन भात घरात आले की खेड्यांत पैसा खेळू लागतो, आणि जात्रेची खरी धांदल त्या वेळी उडते. हंगामाच्या उत्तरार्धात संध्याकाळी कोसळणारी कालबैशाखीची वादळे मांडवाची परीक्षा पाहतात.

यक्षगानाचे 'मेळ' देवस्थानांच्या नावाने चालतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास, देवळातील पहिल्या सेवाप्रयोगाने मेळ बाहेर पडतो. तुळुनाडूत त्याचा शेवट 'पत्तनाजे' या दिवशी होतो. तुळु सौरपंचांगातील 'बेश' महिन्याचा हा दहावा दिवस, मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या आसपास येणारा. त्या दिवशी मेळ देवळात परततो, शेवटची सेवा होते आणि कलावंत पायांतील गेज्जे, म्हणजे चाळ, सोडतात. चाळ सोडणे ही तेथे हंगामसमाप्तीची अधिकृत खूण आहे.

या तीन दिनदर्शिकांतील एक भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. तमाशा आणि जात्रा चांद्र तिथींना बांधलेली आहेत. पत्तनाजे सौर आहे. दसरा ते बुद्धपौर्णिमा हा काळ २०२२-२३ मध्ये ५ ऑक्टोबर ते ५ मे असा होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पुढचा हंगाम २४ ऑक्टोबर २०२३ ते २३ मे २०२४ असा सरकला. दोन्ही वेळा अंतर २१२ दिवसांचेच. म्हणजे तमाशाच्या हंगामाची लांबी टिकते, पण तो ऋतुचक्रावर मागेपुढे घसरतो. ज्या वर्षी उशिरा संपतो त्या वर्षी त्याचे शेपूट वळवाच्या पावसात सापडते. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो. पत्तनाजेची तारीख केरळच्या या तारखेच्या जेमतेम आठवडाभर आधी येते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्याने आपल्या खेळाचा शेवट चंद्रावर सोडला नाही, सूर्याच्या हिशेबाने निश्चित केला, ही बाब अर्थपूर्ण वाटते. केरळातील तेय्यमची रूढीही याच सौर पद्धतीची आहे. तुलाम महिन्याच्या दहाव्या दिवसापासून एडवम महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत, तिचा काळ मानला जातो.

४. माणसांची जुळणी

मोठ्या तमाशा फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. नाच्या बायका, सोंगाड्या, ढोलकी-हलगी-तुणतुणे वाजवणारे, झीलकरी, वगातील पुरुषपात्रे ही रंगमंचावरची. तंबू ठोकणारे, जनरेटर सांभाळणारे, ट्रकचालक, स्वयंपाकी ही मागची. ही सारी माणसे दसऱ्याला हजर हवीत यासाठी जी व्यवस्था उभी राहिली तिचे नाव 'उचल'. पावसाळ्यात कलावंत फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि हंगामभर काम करून ती फेडतो. मालक स्वतःही बहुधा सावकाराचे कर्ज काढून ही उचल वाटतो. हंगाम बुडाला तर दोन्ही कर्जे पुढच्या वर्षावर जातात. कलावंताला फड बदलायचा असेल तर नव्या मालकाने जुन्याची बाकी चुकती करावी लागते. याच महाराष्ट्रात ऊसतोडणीचा मजूर मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतो तिलाही 'उचल' म्हणतात, आणि तोही साधारण दसरा-दिवाळीला घर सोडून उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. शब्द एक, काळ जवळपास एक आणि बंधनही एक. तमाशाला केवळ 'लोककला' या सदरात घालताना हे साम्य दृष्टिआड होते. ढोलकी फडाचा कलावंत हा हंगामी स्थलांतरित मजूरही आहे.

मनोरंजन-उद्यानातील विद्यार्थी-नोकराशी त्याची तुलना येथे स्पष्ट होते. दोघेही हंगामी आहेत. पण विद्यार्थ्याला हंगामाबाहेर आपले असे एक स्थान आहे; तमाशा कलावंताचे हंगामाबाहेरचे जगणे हंगामाच्या उधारीवर चालते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला, तरी त्यांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. कीर्ती आणि सुरक्षितता यांचा परस्परांशी संबंध नसणे हे या व्यवस्थेचे अपघाती लक्षण नव्हे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर अख्खे घर कसे उभे असते याचे जे दर्शन घडते, त्यालाही याच अर्थव्यवहाराची पार्श्वभूमी आहे.

जात्रेत जुळणीचे रूप निराळे आहे. तेथे कंपनी आपल्या नटनट्यांशी वर्षाच्या हिशेबाने करार करते आणि कोणता नट यंदा कोणत्या कंपनीत गेला ही रथयात्रेच्या जाहिरातींतील मुख्य बातमी असते. खेड्यातील आयोजक पाला विकत घेतो तो प्रामुख्याने त्या नावासाठी. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या 'मंजरी ऑपेरा' या कादंबरीत जात्रा कंपनीच्या अंतर्गत जगाचे चित्रण आहे. कंपनी हे एकाच वेळी कुटुंबही असते आणि दुकानही, हा ताण अशा चित्रणाच्या केंद्राशी असतो.

यक्षगान मेळात नेमणूक देवस्थानाकडे किंवा त्याच्या वतीने मेळ चालवणाऱ्याकडे असते. कटील, मंदार्ती यांसारख्या देवस्थानांच्या मेळांचे प्रयोग भक्तांच्या नवसाने, म्हणजे 'हरके'ने, ठरतात आणि त्यांच्या तारखा पुढील अनेक वर्षांसाठी नोंदलेल्या असतात. आजचा नवस पुढच्या दशकात फेडला जाईल, अशी खात्री ज्या संस्थेला आहे तिला सावकाराची गरज कमी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिकीट लावून खेळ करणारे 'डेरे मेळ', म्हणजे तंबूचे मेळही निघाले. त्यांची जोखीम तमाशा फडाच्या जोखमीशी अधिक मिळतीजुळती होती. देवस्थानाचा मेळ आणि तंबूचा मेळ यांत कलावंतांची ये-जा असली, तरी एकाचा हंगाम नवसाच्या वहीवर आणि दुसऱ्याचा तिकीटखिडकीवर ठरतो.

महाराष्ट्रातच या दोन टोकांच्या मधले एक उदाहरण आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सीमेवरील दशावतारी मंडळे कार्तिकापासून देवळांच्या जत्रांना फिरतात. पावसाळ्यात त्यांतील बहुतेक जण आपल्या भातशेतीत असतात. येथे प्रेक्षकाला मोकळे करणारा ऋतू नटालाही मोकळा करतो, कारण दोघेही शेतकरीच आहेत. मनोरंजन-उद्यानाच्या सुट्टीचा योगायोग येथे कृषिपंचांगाच्या रूपाने अवतरतो. तमाशाच्या अनेक कलावंतांना मात्र परतून जायला स्वतःची जमीन नव्हती, आणि उचलीचे मूळ तेथे आहे. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीचा नायक गुणा हा शेतमजूर आहे, ही गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे.

५. करार आणि संहिता

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हंगामी माणसांनी उभा केलेला खेळ कोणत्या प्रकारची संहिता पेलू शकतो?

तमाशाची रचना गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशी सुट्या घटकांची आहे. या सुटेपणाची मीमांसा सहसा मौखिक परंपरेच्या अंगाने केली जाते. हंगामाच्या दृष्टीने पाहिले तर तिची आणखी एक बाजू दिसते. तंबूतील तिकिटाचा खेळ, गावच्या यात्रेतील रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळची 'हजेरी' या तीन प्रसंगांना वेगवेगळी लांबी लागते. घटक सुटे असल्यामुळे एकच फड तिन्ही प्रसंग निभावतो. पाऊस आला तर गवळण आवरती घेता येते, गर्दी रेंगाळली तर रंगबाजी लांबवता येते. वगातील राजा, प्रधान, सोंगाड्या, मावशी ही पात्रेही ठशांची असल्याने मध्येच एखादा नट आजारी पडला किंवा फड सोडून गेला तर दुसरा उभा राहू शकतो. संवाद पाठ नसतो. प्रसंग ठाऊक असतो. उत्स्फूर्तता हा कलागुण आहेच, पण ती मनुष्यबळाच्या अनिश्चिततेवर शोधलेली तोडही आहे.

यक्षगानाने हाच प्रश्न अधिक व्यवस्थित रीतीने सोडवला. तेथे 'प्रसंग' म्हणजे पद्यबद्ध लिखित संहिता असते आणि ती भागवत गातो. पद्यावरचे गद्य भाष्य, म्हणजे 'अर्थ', नट जागच्या जागी रचतो. स्थिर भाग एका व्यक्तीच्या कंठात आणि पोथीत राहतो, बदलता भाग नटाकडे. शिवाय राजवेष, स्त्रीवेष, हास्यगार अशा भूमिकाजातींत प्रत्येक नट तरबेज असल्याने एका मेळातील नट दुसऱ्या मेळात सहज सामावतो. के. शिवराम कारंत यांच्या 'यक्षगान बयलाट' या ग्रंथाला १९५९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या परंपरेला वाङ्मयीन अभ्यासाच्या कक्षेत आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आधुनिक जात्रा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वर्षभराचा करार, पावसाळ्यातील तालमी आणि नावाजलेला नट यांमुळे तेथे बांधीव, नाटककाराच्या नावाने ओळखली जाणारी संहिता रुजली. तरुण ऑपेराचे शांतिगोपाल 'हिटलर' आणि 'लेनिन' ही चरित्रे खेड्यापाड्यांतील मांडवांत नेऊ शकले, तसेच उत्पल दत्त यांच्यासारखा शहरी रंगकर्मी जात्रेसाठी पाला लिहू शकला. याला राजकीय कारणे होतीच. पण हंगामाआधी सबंध संच एकत्र बसवून लिखित नाटक बसवण्याची सोय नसती तर त्या कारणांना हा मार्ग सापडला नसता. तीन परंपरा शेजारी ठेवल्यावर एक सूत्र मांडता येते : करार जितका टिकाऊ, संहिता तितकी बांधीव, करार जितका ठिसूळ, संहिता तितकी लवचीक. हे सूत्र कार्यकारणाचा नियम म्हणून नव्हे, तर वाचनाची दिशा म्हणून स्वीकारावे.

६. छप्पर आणि पावसाळ्याचे वाङ्मय

हंगाम पावसाने तुटतो तो छप्पर नसल्यामुळे. छप्पर असेल तर काय घडते, याचे उत्तर तमाशाच्याच दुसऱ्या शाखेत आहे. चौफुल्यासारख्या ठिकाणच्या कायम थिएटरांतून चालणारी संगीत बारी पावसावर अवलंबून नाही. तिला ढोलकी फडासारखा बंद काळ पाळावा लागत नाही. पण तेथे वगही नाही. लावणी, नृत्य आणि प्रेक्षकाची फर्माईश यांवर ती उभी आहे. रोज वेगळा, थोडा, बसलेला प्रेक्षक तेथे येतो. गावाने एका रात्रीसाठी एकत्र बसून कथा ऐकण्याचा प्रसंग तेथे नसतो. छपराने हंगाम नाहीसा केला आणि त्याबरोबर कथेची निकडही गेली. केरळच्या कूडियाट्टमने कूत्तंबलम या देवळातील नाट्यगृहाच्या छपराखाली याच्या नेमके उलटे साधले. नाटकाचा एक अंक तेथे अनेक रात्री विस्तारत जातो. छप्पर कथा गाळायला लावत नाही. त्याखाली कोण, कशासाठी बसले आहे यावर कथेचे भवितव्य ठरते.

सर्वांत बोलके उदाहरण ताळमद्दळेचे. पत्तनाजेला चाळ सुटल्यानंतर यक्षगानाचा कलावंत गप्प बसत नाही. पावसाळ्यात देवळाच्या ओसरीवर, सभागृहात किंवा घरात भागवत, मद्दळेवादक आणि चार-सहा अर्थधारी समोरासमोर बसतात. वेष नाही, रंग नाही, नृत्य नाही. उरते ते पद्य आणि त्यावरचे तत्काळ वाक्चातुर्य. कृष्ण-कर्ण, राम-वाली यांसारखे संवाद येथे तर्क, नीती आणि श्लेष यांनी रंगत जातात. दृश्याचा संपूर्ण त्याग करून केवळ शब्दावर उभा राहिलेला हा प्रकार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने विशेष दखल घ्यावी असा आहे. पाऊस अंगण काढून घेतो आणि ओसरी देतो. अंगणात नाचता येते, ओसरीवर बोलता येते. याच काळात चार-पाच जणांचे 'चिक्कमेळ' घरोघर जाऊन छोटे प्रवेश सादर करतात आणि काही संच मुंबईला जाऊन तेथील तुळु-कन्नड भाषकांपुढे सभागृहांत प्रयोग करतात. मुंबईचा पाऊसही तितकाच मुसळधार असतो, पण सभागृहाला छप्पर असते आणि स्थलांतरित प्रेक्षकाला पेरणी नसते.

मराठीत याचे समांतर शोधायचे तर ते तमाशात नव्हे, चातुर्मासात सापडते. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत देवळांतून पोथीवाचन, पुराण, प्रवचन, कीर्तन यांचा ओघ असतो. निवेदन आणि भाष्य यांचा हा पावसाळी हंगाम संपत येतो तेव्हा तमाशाच्या तालमी रंगात आलेल्या असतात. एका भाषेतील भाष्यप्रधान आणि नाट्यप्रधान प्रकारांनी वर्ष आपसांत वाटून घेतलेले दिसते. कर्नाटकात ही वाटणी एकाच परंपरेच्या पोटात झाली आणि तोच कलावंत दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्रात ती दोन वेगळ्या समाजगटांत झाली. कीर्तनकाराला चातुर्मासात मान आणि बिदागी. तमाशा कलावंताला त्याच चातुर्मासात उचल. ताळमद्दळेने यक्षगानाच्या नटाला पावसाळ्यातही वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. तमाशाच्या सोंगाड्याकडे तितकीच हजरजबाबी वाणी असूनही तिला पावसाळ्यात ओसरी मिळाली नाही. जातिव्यवस्थेने छपराचेही वाटप केले होते, हे येथे स्पष्ट म्हणावे लागते.

७. हंगामाची मोडतोड

या जुळणीवर गेल्या पाव शतकात तीन आघात झाले. पहिला रात्रीवर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली. वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्यांकडे राहिली. रहिवाशाच्या झोपेचा हक्क रास्त आहे, यात वाद नाही. तथापि रात्रभर चालणाऱ्या खेळाची रचना या नियमाखाली बदलणे अटळ होते. धर्मस्थळाच्या मेळाने मध्यरात्रीच्या आत संपणारे 'कालमिती' प्रयोग स्वीकारले. गावच्या यात्रेत दहाला खेळ थांबवायचा म्हटले की गण-गवळण उरकून वगाला हात घालेपर्यंत वेळ संपते. सुटे घटक हे ज्या रचनेचे बळ होते तिचा सर्वांत मोठा घटकच अशा वेळी गळतो.

दुसरा आघात हंगामावर. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्च हा दिवस गुढीपाडव्याचा होता. ज्या दिवसापासून सुपाऱ्यांचा हंगाम भरास यायचा त्याच दिवशी गावे बंद झाली. किनारी कर्नाटकात पत्तनाजेला दोन महिने उरले होते. बंगालात चैत्र-वैशाखाचे प्रयोग उरले होते आणि २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळाने त्या प्रांताचा दक्षिण भाग झोडपला. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. सलग दोन चैत्र गेले. यंत्रावर उभ्या असलेल्या उद्यानाने अशा काळात पाळण्यांना तेल घालून ठेवावे. माणसांवर उभ्या असलेल्या फडाची उचल मात्र दोन्ही वर्षे अंगावर राहिली.

तिसरा आघात खुद्द ऋतूवर. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. पत्तनाजे आणि पाऊस यांच्यामधला राखलेला आठवडा त्या वर्षी उरला नाही. एका वर्षावरून नियम काढता येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आखलेल्या मर्यादा आकाश पाळीलच, असे गृहीत धरून हंगामाची गणिते मांडणे अवघड होत चालले आहे. चांद्र पंचांगाबरोबर पुढे सरकणाऱ्या तमाशाच्या अखेरीला हा धोका अधिक आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, फिरत्या रंगपरंपरांचा हंगाम हा हवामान, कृषिचक्र आणि पंचांग या तिन्हींच्या तडजोडीतून ठरतो, आणि ही तडजोड प्रांतागणिक वेगळी असते. दोन, हंगामी माणसांना बांधून ठेवण्याच्या पद्धती, म्हणजे उचल, वार्षिक करार आणि देवस्थानी नेमणूक, यांचे प्रतिबिंब अनुक्रमे सुट्या, बांधीव आणि द्विस्तरीय संहितेत दिसते. तीन, बंद हंगाम हा रिकामा काळ नसतो. त्याचे स्वतःचे वाङ्मय असते, आणि ते कोणाच्या वाट्याला आले यावर त्या परंपरेची प्रतिष्ठा अवलंबून राहते.

तौलनिक साहित्याने आजवर प्रयोगरूप वाङ्मयाची तुलना बहुधा कथाबीज, रस आणि रचना यांच्या आधारे केली. या निकषांत वर्षाचा हिशेबही सामील करावा लागेल. फडाच्या वहीतील उचलीचा आकडा, चितपूरच्या गदीवरील रथयात्रेचा करार आणि कटीलच्या देवळातील नवसाची नोंद हे तिन्ही दस्तऐवज संहितेइतक्याच काळजीने जमवले पाहिजेत. त्यांतील पहिला सर्वांत लवकर नाहीसा होईल. तो नाहीसा होण्याआधी वाचला गेला, तर वग वाचण्याची रीतही त्यामुळे बदलेल.